दसऱ्याचे टायर

३ ऑक्टोबर २०१४, शुक्रवार. दसरा.

टायरना हळदकुंकू! मी अजून थक्क आहे.

मी मागितले काय होते? फेकून द्यायचे टायर. गणपतीत मंडळाच्या व्यासपीठावरून गरजले होते – "या दसऱ्याला आपट्याची पानं नकोत, काळं सोनं आणा!" टाळ्या पडल्या. माझ्या भाषणाला टाळ्या पडतातच. टाळ्या वाजवणारे खरंच टायर घेऊन येतील असं मात्र स्वप्नातही नव्हतं. आज हॉलच्या मागे जाऊन बघते तर ही रांग! घुब्रा, रुवी, सीब – मस्कतच्या कुठून कुठून आणलेले. आणि टायर कसे? धुतलेले! पॉलिश मारलेले! एकाच्या गळ्यात झेंडूची माळ. "देवापुढे ठेवायचं ते घाणेरडं कसं ठेवायचं हो वसुंधराताई?" म्हणे. गुळगुळीत झालेले, तारा बाहेर आलेले टायर बायकांनी मागे ढकलले आणि पुढे मांडले ते नक्षी शाबूत असलेले – वर्षानुवर्षं गच्चीवर, बाल्कनीत पडून राहिलेले. आमचीच स्टेपनी घ्या ना. माझ्या नवऱ्याने, केयूरने, जुनी जीप विकली, स्टेपनी गच्चीवरच राहिली. ती रस्त्याला कधी टेकलीसुद्धा नाही. आज मी तिला मधोमध ठेवली आणि कंपनीच्या नावाच्या अक्षरांवरून बोट फिरवून ठसठशीत कुंकू भरलं.

मग बोलले. चांगली बोलले. "रबर धावलं नाही तरी म्हातारं होतं! इथलं ऊन त्याला बसल्या जागी खातं. वरून तुकतुकीत, आतून शिळ्या भाकरीसारखं कोरडं! पण हेच रबर दळून गरम डांबरात मुरवा – डोंगरावरच्या हिवाळ्यात रस्ता तडकायचा थांबेल." एक आजोबा म्हणाले, "ओमानात कसला आलाय हिवाळा?" त्यांना म्हटलं, जानेवारीत जबल अख्दरच्या डोंगरावर या, पहाटे तुमच्या गाडीची काच खरवडायला लावते!

एक गंमत राहिली. जैनुद्दीनभाई – मूळचे श्रीवर्धनचे, खाबुऱ्याजवळ त्यांचं टायर दळायचं यार्ड आहे – त्यांची एकच अट असते. टायर देताना कडेला करवतीने चीर द्यायची, म्हणजे पुन्हा कुणी ते गाडीला चढवणार नाही. लेकीच्या, शिवांगीच्या शाळेची व्हॅन चालवणारा धनेश करवत घेऊन तयारच होता. "मॅडम, उरकून टाकू?" मी म्हटलं, "आज नाही रे! आज अवजारांचा मान. आज पातं चालवत नाहीत. करवत देवीपुढे ठेव, फूल वाहा." सगळ्यांना पटलं. करवतीलासुद्धा टिळा लागला! धनेश टायरवर थाप मारून म्हणाला, "यातले काही तर माझ्या व्हॅनपेक्षा झकास आहेत राव!" आमच्या रस्ते बांधणाऱ्या कंपनीच्या लॅबची पिकअप चालवणारा तानाजी त्याच्यावर डाफरला – "ए, हात काढ. देवापुढचं आहे ते."

ईदची सुट्टी लागली. जैनुद्दीनभाईंचा ट्रक सुट्टीनंतरच येणार. तोवर टायर हॉलमागच्या शेडमध्ये.

परंपरेला विज्ञानाच्या गाडीला जुंपायचं ते असं! झोप येत नाही आनंदाने.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

टायर खाबुऱ्याला पोहोचले. मी लॅबमध्ये होते, मंडळाच्या पोरांनीच चिरा देऊन ट्रक भरला. जैनुद्दीनभाईंचा फोन – "वसुंधराबाय, तुमची माणसं बाकी कमाल! टायराचा जीव जाईपर्यंत सोडत नाहीत. एकेक टायर म्हंजे निस्ता टकला!" मला हसू फुटलं. म्हटलं, भाई, आम्ही कोकणातले, नारळाची करवंटीसुद्धा फुकट घालवत नाही. ते म्हणाले, "आमी काय वेगले हाव?"

काटकसर हा आपला खरा धर्म. पुढच्या भाषणात घ्यायला हवं.

२ नोव्हेंबर, रविवार

मिळाली! परवानगी मिळाली!

रस्ते खात्याचा इंजिनिअर सालिम – स्वतः जबल अख्दरवरच्या डाळिंबांच्या गावचा. त्याच्यासमोर आकडे ठेवलेच नाहीत. लॅबच्या फ्रीजरमध्ये दोन पट्ट्या रात्रभर ठेवल्या होत्या, एक साध्या डांबराची, एक आपल्या रबर-डांबराची. (लॅबचा फ्रीजर मध्यंतरी बंद पडला होता तेव्हा याच पट्ट्या घरच्या फ्रीजरमध्ये पापलेटशेजारी होत्या. केयूर – "उद्या कालवणाऐवजी हेच वाढ!") सालिमच्या टेबलावर आधी साधी पट्टी वाकवली. कट्! दोन तुकडे. मग रबराची त्याच्या हातात दिली. तो वाकवतो, वाकवतो – ती आपली वेतासारखी वळते. सालिमचे डोळे मोठे झाले. हिंदीत म्हणाला, "मॅडम, मेरे गाँव का रोड भी हर साल ऐसाच टूटता है, कट् करके."

मी त्याला सांगितलं – दिवसा ऊन, रात्री शून्याखाली. भेगेत पाणी शिरतं, पहाटे गोठतं, फुगतं आणि रस्ता आतून फोडतं. रबर असेल तर रस्ता थंडीत आखडत नाही, श्वास घेतल्यासारखा थोडा ताणतो, थोडा दबतो. आमच्या मॅनेजरला हे सगळं 'मॅडमचं वेड' वाटतं. सालिमने सही करताना बजावलं – एकच तुकडा, गावाच्या अलीकडचं सावलीतलं वळण. एक हिवाळा बघू. काही बिघडलं तर उखडून टाकायचं आणि पुन्हा रबराचं नाव काढायचं नाही. मान्य?

मान्य! मी त्याला अर्ध्या तासाचं भाषण दिलं. त्याने ऐकलं बिचाऱ्याने.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रस्ता झाला.

दिवसभर वळणावर उभी होते. गरम रबराचा वास नाकातून जात नाही. हे मिश्रण चिकट, रोलरला धरून बसतं. कामगार कुरकुरत होते – "ये क्या हलवा है!" थंड व्हायच्या आत दाबायचं असतं आणि वरती वारा असा की वाफ निघते न निघते तोच गार. मी ओरडत होते, "यल्ला! यल्ला!" घसा बसला. तानाजीने पिकअपमधून आल्याचा चहा आणून दिला. "मॅडम, आज माइक नाय तरी आवाज खाली निजव्यापर्यंत गेला असंल." आता दर आठवड्याला नमुने आणायला तोच वर जाणार.

खाली घरी आले तर शिवांगी – "आई, धनेशकाकाची व्हॅन आता अजिबात... व्हॉट इज इट... हादरत नाही. तू इकडे पण रबरचा रोड केला का?" आमची लेक आणि तिचं मराठी! पण विनोद चांगला केला. जवळ घेतलं तिला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सालिमचा मेसेज. वर पहाटे शून्याखाली गेलं. आता खरी परीक्षा.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सगळे मिळून वर गेलो. तानाजी चालवत होता. चेकपोस्टच्या पुढे घाट सुरू झाला तसे शिवांगीने डोळे मिटून घेतले. केयूरने वरचा दांडा पकडलेला, तो परत खाली येईपर्यंत सोडला नाही. तानाजी मात्र एका हाताने चालवतोय. "घाबरू नका सायेब. गाडीला आता देवीचा हात हाय." डॅशबोर्डवर देवीचं चित्र लावलंय त्याने.

वळणावर उतरलो आणि मी गुडघ्यावर बसून रस्त्यावर हात फिरवला. लोक काय म्हणतील ते म्हणोत! आपला तुकडा अखंड. एक भेग नाही. आणि जिथे तो संपतो, तिथून चार पावलांवर जुना रस्ता – उभी चीर, तिच्यात बर्फाची बारीक रेघ चमकतेय. शेजारी शेजारी! मी शिवांगीला बोट लावायला लावलं. "आई, इट्स आइस! ओमानमध्ये!" तिच्या चेहऱ्यावरचा धक्का बघून मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

सालिमच्या आईने खजूर आणि कहवा दिला. म्हातारीने माझा हात हातात घेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं. सालिमने अर्थ सांगितला – "आजारी माणसाला खाली नेताना तुमच्या तुकड्यावर तो कण्हत नाही, असं म्हणते."

याहून मोठी टाळी मला कधी मिळाली नाही.

११ जानेवारी २०१५, रविवार

तानाजीचा अपघात.

आपल्याच वळणावर. नमुने घेऊन सकाळी खाली येत होता. पिकअप एकदम फिरली आणि डोंगराच्या कड्यावर आदळली. डावीकडे फिरली असती तर दरी – मला पुढचं लिहवत नाही. गावकऱ्यांनी काढलं त्याला. पायाचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या. निजव्याच्या हॉस्पिटलात आहे. शुद्धीवर आहे असं म्हणतात.

सकाळी साडेसातला मीच फोन करून सांगितलं होतं, नमुने आज पाहिजेत.

संध्याकाळी मॅनेजरचा फोन. तानाजीची चौकशी एका वाक्यात. मग – "मॅडम, वर लोक म्हणतायत रबराचा रस्ता निसरडा आहे. खात्यातून विचारणा आली. बुधवारी बैठक. रस्ता उखडायचा की नाही ते ठरणार."

उखडायचा?

१२ जानेवारी, सोमवार

रस्ता निसरडा नाही. नाही. नाही!

१४ जानेवारी, बुधवार

जिंकले.

वर जाऊन आले काल. वळणावर रबर घसरल्याची खूण नाही. त्या सकाळी दव नव्हतं, बर्फ नव्हता. घर्षण मोजलं – साध्या रस्त्यापेक्षा चांगलं. पोलिसांचा कागद वाचला – डावं मागचं टायर धडकेत फुटलं. टायर नवं, नक्षी पूर्ण.

बैठकीत सालिम, त्याचे वरिष्ठ, आमचा मॅनेजर. वरिष्ठांनी सुरुवातच केली – खलास, उखडा. मी उभी राहिले. इंग्रजीत बोलले, पण आतून मराठीच गर्जत होते. "रस्त्यावर घसरल्याची खूण नाही! दव नाही! बर्फ नाही! टायर नवं – हे मी म्हणत नाही, पोलीस म्हणतात! मग उरलं काय? चालवणारा हात! माणसाच्या चुकीसाठी रस्त्याला फाशी देणार?"

वरिष्ठांनी कागद मिटला. रस्ता राहिला.

बाहेर येताना मॅनेजर खूश. "चालवणारा हात! क्या बात है मॅडम!" लिफ्टमध्ये पुढे म्हणाला – मग तानाजीला ठेवता येणार नाही. बेदरकार ड्रायव्हर. हॉस्पिटलमधून सुटला की व्हिसा रद्द, तिकीट काढून गावी. "तुम्हीच सिद्ध केलंत."

मी सिद्ध केलं? मी रस्त्याबद्दल बोलत होते!

नाही. मी तानाजीबद्दलच बोलत होते. फक्त त्याचं नाव घेतलं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार. संक्रांत.

मंडळात तिळगूळ. "तिळगूळ घ्या, गोड बोला!" आज मला हे कुणी म्हणू नये असं वाटत होतं आणि प्रत्येकाने म्हटलं.

घरी आले तर केयूरच्या फोनवर तानाजीची बायको, कल्पना. संगमेश्वरहून. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "ताई, ते कधी जोरात गाडी चालवत नायत. आमच्या लग्नाच्या वरातीत बैलगाडीनं त्यांना मागं टाकलंतान. तुमी साक्ष द्या ना." साक्ष! मी दिली आहे बाई. दिली आहे.

केयूर म्हणाला, "तू बोलतेस तेव्हा समोरचा माणूस गप्प होतो, वसू. तानाजी तर तिथे नव्हताच." एवढंच म्हणाला. मी त्याला काही सुनावलं. मग बेडरूमचं दार लावून घेतलं.

१८ जानेवारी, रविवार

मला झालेला धक्का कागदावर मांडून कमी होईल असं वाटत नाही. तरी लिहिते.

आज दुपारी कंपनीच्या यार्डात गेले. मोडकी पिकअप कोपऱ्यात. का गेले? मन मानेना. कल्पनाचं ते बैलगाडीचं वाक्य डोक्यात. म्हटलं, ब्रेक बघू, काहीतरी बघू – तानाजीला वाचवणारं काहीतरी.

डावं मागचं चाक. टायर धडकेने फुटलेलं नाही! वीस वर्षं रबर हाताळतेय मी, मला कळतं. वरची पट्टी सोललेली – फणसाचं साल सोलावं तशी, आतल्या थरापासून सुटून. हे धावता धावता सुटलं, आणि मग गाडी फिरली. आत बोट घातलं तर रबराचा भुगा हाताला लागला. कोरडा. शिळ्या भाकरीसारखा.

पोलिसांना नक्षी दिसली. नक्षी पूर्णच होती. ते टायर कधी धावलेलंच नव्हतं ना.

कडेवरचे चार आकडे शोधले – कितव्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनलं ते सांगणारे. शेवटचे दोन – शून्य सात. २००७.

मग कंपनीच्या नावाची अक्षरं दिसली. अक्षरांच्या खाचेत तांबडं. मला वाटलं रक्त. तानाजीचं रक्त.

नखाने खरवडलं. कुंकू.

माझंच बोट फिरलं होतं त्या अक्षरांवरून.

यार्डातल्या त्या मातीत मी किती वेळ बसले माहीत नाही. वॉचमन पाणी घेऊन आला. "मॅडम, चक्कर आया?"

१९ जानेवारी, सोमवार

निजवा. तानाजीचा पाय प्लास्टरमध्ये, वर टांगलेला. चेहरा सुजलेला. मला बघून म्हणाला, "या मॅडम. भाषण करायला आलाव काय?"

त्याला बैठकीतलं सगळं कळलं होतं. कुणीतरी सांगितलंच असणार.

मी विचारलं, ते टायर तुझ्याकडे कसं आलं? तो छताकडे बघत म्हणाला – "ईदच्या सुट्टीत शेडमदून घेतला. चोरी म्हना. कंपनीचे टायर टकले झालेले, सांगून सांगून तोंड दुखलं. रोज घाटावर जायाचं. आनि तो टायर तुमच्या गच्चीवरचा, साइज तोच. म्हटलं, देवीपुढं बसलेला, तुमच्या हातचं कुंकू लागलेला – तो चक्कीत घालून दळायचा? माज्या हातानं नाय झालं. आनि गाडीला लावला तर सांबाळील."

"अरे पण मी त्याच दिवशी ओरडून सांगितलं होतं ना, रबर बसल्या जागी म्हातारं होतं म्हणून!"

"सांगितलंत." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आनि मग त्यालाच कुंकू लावलंत. धनेश चीर द्यायला गेला तर त्याला अडवलंत. आमी तुमचं तोंड ऐकायचं का तुमचा हात बगायचा?"

मी ओढणीने डोळे पुसले.

तोच म्हणाला, "रडू नका. नर्स मला वरडंल." आणि मग, "रस्ता हाय ना अजून?"

आहे म्हटलं.

"मग झालं तर. नायतर पाय बी गेला आनि रस्ता बी."

निजव्याहून खाली येताना गाडी दोनदा बाजूला घ्यावी लागली. डोळ्यांपुढचं दिसत नव्हतं.

२१ जानेवारी, बुधवार

सालिमच्या ऑफिसात गेले, मॅनेजरलाही बोलावलं. उभी राहून बोलले नाही. बसून बोलले. टायरचा तुकडा टेबलावर ठेवला – जिथे नोव्हेंबरात पट्टी वाकवली होती तिथेच. वाकवला. कट्!

म्हटलं, गेल्या बुधवारी मी जे बोलले ते चूक. चालवणाऱ्या हाताची चूक नाही. हे टायर माझ्या घरचं. आठवं वर्ष लागलं होतं त्याला. मी त्याची पूजा केली, त्याला चीर देऊ दिली नाही, आठवडाभर उघड्या शेडमध्ये ठेवलं. आमच्या कंपनीने टकले टायर बदलून दिले नाहीत. तानाजीने त्यातल्या त्यात बरं दिसलं ते लावलं.

मॅनेजर – "पण परवानगीशिवाय टायर..." सालिमने हात वर केला. "खलास. ड्रायव्हर जाएगा नहीं. मैं लिख के देता हूँ." तानाजी राहणार! पाय बरा होईपर्यंत स्टोअरमध्ये, मग पुन्हा गाडीवर. रस्ताही राहणार. लगेच कल्पनाला फोन लावला. ती आता रडली.

मी उठणार तेवढ्यात सालिमने तो तुकडा उचलला, उलटसुलट केला. सहज विचारावं तसं विचारलं –

"मॅडम, बाकी टायर किधर हैं?"

कसले बाकी?

"पूजावाले. आप बोले, बहुत सारे थे. सब चकाचक. सब मशीन में गए ना?"

गेले की, म्हणणार होते. तोंड उघडलंसुद्धा. आणि जैनुद्दीनभाईंचं हसणं आठवलं. एकेक टायर म्हंजे निस्ता टकला.

टकला! माझ्या डोळ्यांसमोर पॉलिशची रांग उभी राहिली. झेंडूची माळ घातलेलं ते टायर. नक्षी शाबूत असलेले सगळे, पुढे मांडलेले. आणि मी हसले होते तेव्हा! काटकसर म्हणाले होते!

तिथूनच भाईंना फोन लावला. "हळदकुंकवाचा? नाय बाय. एक पन नाय आला. मला वाटला, तुमी चांगले ठेवून घेतले नि टकले पाठवले. मी कशाला विचारू, फुकट मिळालेल्याला?"

संध्याकाळपासून फोन करतेय. मंडळाच्या यादीतल्या एकेकाला. "टायर? अहो वसुंधराताई, तीन महिने झाले!" "आमच्या ड्रायव्हरने नेलं वाटतं प्रसाद म्हणून." "माझ्या मेहुण्याने इब्र्याला नेलं, छान चाललंय!" छान चाललंय! काढा म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढा. पलीकडून हसल्याचा आवाज. त्यांना वाटलं, नवं भाषण आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

शिवांगी दप्तर घेऊन लिफ्टमध्ये शिरली आणि मला तिचं वाक्य आठवलं – व्हॅन आता हादरत नाही.

जिन्याने धावले. अनवाणी. व्हॅन सुरू झालेली, पोरं आत बसलेली, कुणीतरी गाणं म्हणत होतं. समोर जाऊन दोन्ही हात बॉनेटवर टेकले.

मागचं उजवं चाक. खाचेत तांबडं.

नुसतं बोट दाखवलं.

धनेश खिडकीतून वाकला, बघितलं आणि गोड हसला. "ते होय! काळजी करू नका मॅडम. पूजेचं टायर आहे – त्याला काही होत नाही."